तळघरातली आगगाडी आणि क्रॉसिंगच्या गप्पा

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळा सुरू झाला, की आठवड्यातल्या एखाद्या ठरलेल्या संध्याकाळी काही घरांसमोर चार-सहा मोटारी येऊन उभ्या राहतात. त्यांतून उतरणारी मंडळी बहुतांशी साठीच्या पुढची असतात. बुटांवरचा बर्फ झटकून ती दिवाणखान्यात न रेंगाळता थेट तळघराचा जिना उतरतात आणि पुढचे तीन-चार तास आगगाड्या चालवतात. इंजिने वीतभर लांबीची, स्टेशने बुटांच्या खोक्याएवढी आणि फलाटावर उभी असलेली माणसे नखाएवढी. मात्र गाडी दोन मिनिटे उशिरा सुटली, तर कपाळाला आठ्या पडतात त्या अगदी खऱ्या.

‘मॉडेल रेलरोडिंग’ हे या छंदाचे नाव. या वयात खेळणी कसली खेळता, हा प्रश्न छंदिष्टांना आयुष्यभर ऐकावा लागतो आणि त्यावर उत्तर देण्याच्या भानगडीत ते सहसा पडत नाहीत. तळघरात एकटाच बसून डब्यांना रंग देणारा माणूस, असे या छंदाचे बाहेरून दिसणारे चित्र आहे. ते अर्धेच खरे आहे. डबे एकट्याने रंगवता येतात; पण ती रेल्वे चालवायची म्हटली, की माणसे लागतात. माणसे जमली, की रूळ आणि इंजिने यांच्याबरोबर गुडघ्याची शस्त्रक्रिया, नातवाचे महाविद्यालय आणि बायकोचे आजारपण हेही विषय निघतात. समोरासमोर बसून मन मोकळे करण्याची सवय नसलेल्या एका पिढीतल्या पुरुषांना या छंदाने बोलण्याचे निमित्त मिळवून दिले आहे. हे निमित्त नेमके कसे तयार होते, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

साडेतीन मिलिमीटरचा एक फूट

खेळण्यातली आगगाडी बरीच जुनी. जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत चावीवर चालणारी गाडी मांडली. तिचे रूळ हवे तसे वाढवता येत आणि त्यांची रुंदीही ठरलेली होती. अमेरिकेत लायोनेल कंपनी १९०० मध्ये सुरू झाली. या गाड्या पत्र्याच्या, भडक रंगांच्या आणि खऱ्या रेल्वेच्या मापांशी फारसे देणेघेणे नसलेल्या होत्या. नाताळात मुलांना द्यायच्या आणि नंतर वडिलांनीच चालवत बसायच्या!

प्रौढांचा छंद म्हणून त्याला वेगळे रूप आले ते १९३० च्या दशकात, म्हणजे ऐन मंदीच्या काळात. विस्कॉन्सिन राज्यातून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक जानेवारी १९३४ मध्ये निघू लागले. पुढच्याच वर्षी मिलवॉकी येथे ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. तिच्यापुढचा पहिला प्रश्न अगदी रोकडा होता. प्रत्येक कारखानदाराची चाके वेगळी, दोन डबे जोडणारे आकडे वेगळे, रुळांची मापे वेगळी. एकाच्या घरची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर गेली, की घसरायची. संघटनेने चाकांच्या कडांपासून सांध्यांमधल्या फटींपर्यंत सगळ्यांची मापे ठरवून दिली आणि कारखानदारांनी ती हळूहळू मान्य केली. वरवर रुक्ष वाटणारे हे प्रमाणीकरण झाले नसते, तर हा छंद ज्याच्या त्याच्या घरात कोंडून राहिला असता. मित्राची वाघीण माझ्या रुळांवर धावू शकते, म्हणून मित्र माझ्या घरी येतो.

सर्वांत लोकप्रिय प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. ते एकास ८७ असे आहे. खऱ्या जगातला एक फूट म्हणजे इथे साडेतीन मिलिमीटर. पावणेसहा फुटांचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. जगातील बहुसंख्य देशांत दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागले, की साडेसोळा मिलिमीटर येतात आणि बाजारात मिळणारा एचओचा रूळ तेवढ्याच रुंदीचा असतो.

इथेच भारतीय छंदिष्टांची पंचाईत होते. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याची एचओ प्रतिकृती करायची, तर १९.३ मिलिमीटर रुंदीचा रूळ हवा. तसा तयार रूळ सहजी मिळत नाही. मग बहुतेक जण साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर समाधान मानतात आणि त्यावर पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे आपले देशी डबे स्वतः बनवून ठेवतात. एका बाबतीत मात्र नशीब आपल्याकडे आहे. आपल्या रेल्वेचा एकेकाळचा कणा असलेले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मूळचे अमेरिकेतील अल्को कंपनीचे. १९६२ मध्ये ते भारतात आले आणि पुढे वाराणसीला तयार होऊ लागले. अमेरिकी छंदिष्टांसाठी अल्कोच्या त्याच इंजिनकुळाच्या आवाजाची चिप बाजारात मिळते. तिचा तो धापा टाकल्यासारखा आवाज ऐकला, तर मनमाडच्या फलाटावर रात्र काढलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

दिवाळीच्या किल्ल्याचे थोरले भावंड

रूळ ज्यावर मांडतात, त्या सगळ्या रचनेला ‘लेआउट’ म्हणतात. तो तळघरातच का? थंड प्रदेशात जमीन गोठते, म्हणून घराचा पाया खोल न्यावा लागतो. एवढे खोदल्यावर तळघर आयतेच मिळते. लाकडी चौकटीवर प्लायवूड किंवा घराच्या भिंतींत उष्णतारोधक म्हणून घालतात तो फोम बसवायचा. हाड मोडल्यावर बांधतात तसल्या प्लास्टरच्या पट्ट्या ओल्या करून त्यांचे डोंगर करायचे. वाळलेल्या रानटी झुडपांच्या फांद्यांना बारीक हिरवा चुरा चिकटवला, की झाड तयार होते. रुळांखालची खडी एकेका चमच्याने पसरतात आणि तिच्यावर पाण्यात कालवलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडतात. त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घातला, की गोंद खडीत नीट झिरपतो. ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली आहे.

आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात आणि त्यावर अळीव पेरतात, त्याचीच ही वाढलेली आवृत्ती म्हणता येईल. फरक दोन. किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी आपण चालवून घेतो; इथे तसे खपत नाही. आणि किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो. लेआउट कधीच पूर्ण होत नाही. ‘पूर्ण झाला का?’ असे छंदिष्टाला विचारणे हा जवळजवळ अपमानच समजला जातो.

गायक रॉड स्टुअर्ट यांचे उदाहरण त्यासाठी पुरेसे बोलके आहे. चाळीसच्या दशकातील एका काल्पनिक अमेरिकी औद्योगिक शहराची प्रतिकृती त्यांनी लॉस एंजलिसच्या घरात दोन दशकांहून अधिक काळ खपून उभी केली. दौऱ्यावर असताना इमारती बनवण्यासाठी ते हॉटेलात वेगळी खोली घेत. २०१९ मध्ये ‘रेल्वे मॉडेलर’ या ब्रिटिश मासिकाने हे काम छापले. त्यावर ते दुसऱ्यांकडून करून घेतले असावे, अशी शंका आकाशवाणीच्या कार्यक्रमात निघाली, तेव्हा स्टुअर्ट यांनी स्वतः दूरध्वनी करून नव्वद टक्के काम आपल्या हातचे असल्याचे सांगितले. गाण्यावरच्या टीकेला त्यांनी असे उत्तर दिले असते काय, हा प्रश्नच आहे.

चाळीस आणि पन्नासच्या दशकांची ही ओढ त्यांच्यापुरती नाही. वाफेची इंजिने जाऊन डिझेल येत होते, तो काळ अमेरिकी लेआउटांवर सर्वाधिक दिसतो. दोन्ही प्रकारची इंजिने एकत्र चालवता येतात हे एक कारण. दुसरे उघड आहे. आज सत्तरी-पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने लहानपणी फाटकाशी उभे राहून हीच गाडी पाहिलेली असते.

नाटक, वेळापत्रक आणि बिल्टी

गाडी गोल गोल फिरताना पाहण्याची हौस पंधरा मिनिटांत फिटते. पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४० च्या दशकात दिले. एलिसन हे मूळचे रंगभूमीवरचे. लेआउट म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे पात्रे आणि वेळापत्रक म्हणजे कथानक, अशी मांडणी त्यांनी ‘मॉडेल रेलरोडर’मधून केली. नेपथ्य कितीही सुंदर असले, तरी पात्रांना काही करायलाच नसेल तर नाटक होत नाही, हा त्यामागचा विचार. तेव्हापासून खऱ्या रेल्वेच्या नियमांनी गाड्या चालवण्याची प्रथा रुजली. तिलाच ‘ऑपरेटिंग सेशन’ म्हणतात. आपण ‘चालवणूक’ म्हणू.

चालवणुकीत प्रत्येकाला काम वाटून दिलेले असते. एक जण कंट्रोलर. तो शक्यतो वेगळ्या खोलीत बसतो. गाड्या त्याला दिसता कामा नयेत. खऱ्या कंट्रोलरप्रमाणेच समोरचा कागद आणि कानाशी दूरध्वनी एवढ्यावर त्याने कोणती गाडी कुठे थांबवायची, ते ठरवायचे. एक किंवा दोघे यार्ड सांभाळतात. बाकीचे जोडीजोडीने गाडीवर असतात. एक ड्रायव्हर आणि दुसरा कंडक्टर, म्हणजे साधारण आपल्याकडचा गार्ड. मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते आणि त्या कार्डाच्या खिशात बिल्टी खोचलेली असते. ही वाघीण कागदाच्या गिरणीला रिकामी द्यायची, ती गुदामातून भरलेली उचलायची, असे त्यावर लिहिलेले. एखाद्या वाघिणीचा आकडा सुटत असेल किंवा चाक अडत असेल, तर कार्डाला ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लावतात आणि यजमान ती पुढच्या आठवड्यात दुरुस्त करतो.

घड्याळही खरे नसते. एचओ प्रमाणात मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटरचे अंतर सुमारे २.२ किलोमीटर भरेल. एवढे तळघर कोणाचेच नसते. म्हणून अंतरे आखडून घ्यावी लागतात आणि त्या हिशेबाने वेळही. भिंतीवरचे खास घड्याळ चौपट किंवा सहापट वेगाने पळते. सहापट वेगाचे असेल, तर चार तासांच्या बैठकीत रेल्वेचा एक संपूर्ण दिवस होऊन जातो.

गाड्यांवरचे नियंत्रण १९९० च्या दशकात मुळापासून बदलले, आणि माझ्या मते या छंदाच्या सामाजिक बाजूवर त्या बदलाचा फार मोठा परिणाम झाला. पूर्वी रुळात सोडलेला वीजप्रवाह त्या रुळावरच्या कोणत्याही इंजिनाला चालवत असे. दोन इंजिने स्वतंत्र चालवायची, तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे लागे. संध्याकाळचा निम्मा वेळ बटणांच्या फळीसमोर जाई. लेन्झ या जर्मन कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले ‘डिजिटल कमांड कंट्रोल’चे मानक संघटनेने स्वीकारले, तेव्हा प्रत्येक इंजिनात एक चिप बसली आणि तिला मोबाइलसारखा स्वतःचा क्रमांक मिळाला. आज ड्रायव्हर हातातले बिनतारी यंत्र घेऊन आपल्या गाडीबरोबर चालत जातो. पूर्वी फळीसमोर खिळलेली माणसे आता अरुंद बोळांतून एकमेकांना वाट देत फिरतात. बोलणे आपोआप होते.

बिनतारी नियंत्रणाच्या या वाटचालीत एक वेगळीच प्रेरणाही होती. गायक नील यंग यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. नेहमीची कळ फिरवणे त्याला शक्य नव्हते. त्यालाही गाडी चालवता यावी, म्हणून यंग यांनी मोठ्या बटणावर चालणारी नियंत्रणव्यवस्था तयार करवून घेतली. त्यातून त्यांचा लायोनेलशी संबंध आला आणि १९९५ मध्ये ते त्या कंपनीच्या खरेदीत भागीदार झाले.

गाडी लूपवर थांबते तेव्हा

एकेरी मार्गावर समोरून एक्स्प्रेस येत असेल, तर मालगाडीला लूपवर थांबावे लागते. आपल्याकडच्या प्रवाशाला हे सांगायला नको. ‘क्रॉसिंग आहे’ या दोन शब्दांत आपण अर्धा अर्धा तास काढलेला असतो. तळघरातही हेच घडते. कंट्रोलरने थांबायला सांगितले, की ड्रायव्हर आणि कंडक्टर गाडीशेजारी उभे. हातात यंत्र, नजर सिग्नलवर. आणि याच पाच-दहा मिनिटांत एक जण दुसऱ्याला सांगतो, की डॉक्टरांनी पुन्हा बोलावले आहे.

या गप्पांचा ओघ मोठा मजेदार असतो. नवे इंजिन ध्वनियंत्रणेसह घ्यायचे तर तीनशे डॉलरांच्या पुढे पडते, ही तक्रार. शहरातले छंदसाहित्याचे शेवटचे दुकान बंद झाले, ही हळहळ. तळघरात पावसाचे पाणी शिरले, छत गळते, मुलगी घर विकून लहान जागेत या म्हणते, ही काळजी. मग पुन्हा सांध्याची तार कुठे तुटली असेल, यावर वाद. रुळांवरून थेट आयुष्यावर आणि आयुष्यावरून परत रुळांवर. नजर गाडीवर असल्यामुळे एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही आणि विषय जड झालाच, तर ‘सिग्नल मिळाला’ म्हणून सुटकाही होते. गटात निवृत्त इंजिन ड्रायव्हर असतो, दंतवैद्य असतो, नळकाम करणारा असतो, शाळामास्तर असतो. एरवी ही माणसे एका टेबलाशी बसली असती, असे नाही. स्त्रिया आहेत, पण आजही मोजक्याच.

या गटांना ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. आज याच्या घरी, पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी. दर वेळी चालवणूकच होते असे नाही. यजमानाचे अडलेले काम सगळ्यांनी मिळून उरकायचे, हाही रिवाज आहे. भिशी आणि शेतातली सावड यांच्या मधले काहीतरी म्हणावे असे. लेआउट छातीच्या उंचीवर असतो आणि आत शिरायला पुष्कळदा वाकून त्याखालून जावे लागते. चाळिशीत बांधताना कोणाला त्याचे काही वाटत नाही. सत्तरीत गुडघे आणि कंबर आठवण करून देतात. मग एखाद्या शनिवारी गट जमतो, रूळ कापतो आणि तिथे बिजागरीवर उघडणारे फाटक बसवून देतो. ते फाटक कोणासाठी बसवले, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलून दाखवत नाही.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत हे सारे एकाएकी थांबले. साठीच्या पुढच्या माणसांनी बंद तळघरात एकत्र जमणे याहून धोक्याचे दुसरे काही नव्हते. काहींनी लेआउटवर कॅमेरे बसवले आणि मित्रांना घरबसल्या संगणकावरून गाड्या चालवू दिल्या. तंत्र चालले, पण लूपवर शेजारी उभे राहणे काही त्यात येत नव्हते.

मोडणार कोण?

या छंदातला सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे. माणूस गेल्यावर लेआउटचे काय करायचे? चौकट भिंतींना जखडलेली, डोंगर जिन्यापेक्षा रुंद. अख्खा लेआउट उचलून नेता येत नाही; घर विकायचे तर तो मोडावा लागतो. ‘मी गेल्यावर बायकोने माझी इंजिने मी तिला सांगितलेल्या किमतीत विकू नयेत,’ हा या मंडळींचा जुना विनोद आहे. त्यातले अर्धे हसू भीतीचे आहे. तीस-चाळीस वर्षांचा संग्रह कुटुंबाला अनोळखी असतो. कोणते इंजिन पितळेचे आणि दुर्मीळ, कोणते बाजारात ढिगाने मिळणारे, हे सांगणारा गेलेला असतो. अशा वेळी गट पुढे येतो. याद्या करतो, किमती लावतो, विक्री करून पैसे घरी पोहोचवतो आणि शेवटी करवत घेऊन चौकट कापतो. ज्यांनी बांधायला हात लावला, तेच मोडायला येतात.

पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय या बाबतीत नशीबवान ठरले. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभी केलेली ही छोटी नगरी १९९८ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि पुढे कुटुंबीयांनी ती जपली. तिथल्या गाड्या प्रेक्षकांसाठी चालतात, त्यामुळे अमेरिकी तळघरांशी तिची जातकुळी थोडी वेगळी. पण तिकीट काढून शाळेच्या सहली येतात, म्हणूनच ती टिकली, हेही तितकेच खरे.

अनोळखी लोकांनाही या कामाचे मोल कळते, असा एक अनुभव इंग्लंडमध्ये आला. मे २०१९ मध्ये स्टॅमफर्ड येथे एका शाळेच्या सभागृहात मार्केट डीपिंग क्लबचे प्रदर्शन मांडलेले होते. आदल्या रात्री काही किशोरवयीन मुले आत शिरली आणि त्यांनी वर्षानुवर्षांची मेहनत पायांखाली तुडवली. क्लबने मदतीचे आवाहन केले ते ५०० पौंडांचे. जमले एक लाखाहून अधिक. त्यातले दहा हजार रॉड स्टुअर्ट यांचे होते.

मोडण्याचा प्रसंग कधी कधी नियतीच पार पाडते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील जॉन ॲलन हे या छंदातले सर्वांत मोठे नाव. व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांच्या लेआउटवर जमिनीपासून छतापर्यंत डोंगर होते. रेल्वेचे नाव ‘गोरी अँड डिफीटेड’. लिहायला ऐटबाज फ्रेंच वाटेल अशा स्पेलिंगचे, पण उच्चारले तर ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’! शंटिंगसाठी त्यांनी इंजिनाऐवजी एम्मा नावाचा एक डायनोसॉर ठेवला होता. मित्रांचा गट नियमित जमे आणि वेळापत्रकाने गाड्या चालवी. ६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन हृदयविकाराने गेले. त्यानंतर दहा दिवसांनी लेआउटला आग लागली आणि जवळजवळ सगळे जळाले.

छायाचित्रे मात्र मागे उरली आणि मासिकांतून ती जगभर गेली होती. त्या रेल्वेच्या नावाची वाघीण कारखानदारांनी पुढे बाजारात आणली. अमेरिकेतल्या पुष्कळ तळघरांत आजही मालगाडीत कुठेतरी मधोमध ती एखादी जोडलेली दिसते. तिलाही कार्ड असते, बिल्टी असते, आणि चाक अडले तर नादुरुस्तीची चिठ्ठीही लागते.